वस्तू एकाची, सांगणारा दुसरा : नव्या वर्गाची ओळख घडवणारा उपक्रम

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पहिल्या दिवशी बहुतेक वर्गांत एकच कार्यक्रम होतो. एकेकाने उभं राहायचं, नाव, मागची शाळा, आवडता विषय आणि छंद सांगायचा, खाली बसायचं. पन्नास मुलांच्या वर्गात विसाव्या मुलानंतर कोणी ऐकत नसतं, कारण जो तो आपल्या पाळीला काय बोलायचं याची उजळणी करत असतो. छंदांत क्रिकेट आणि वाचन यांच्यापलीकडे फारसं काही येत नाही. ऑगस्ट उजाडला तरी मुलं एकमेकांना ओळखतात ती घटक चाचणीच्या गुणांवरून, नाहीतर कोण कुठल्या रिक्षाने येतं यावरून.

याऐवजी घरातली एक जिव्हाळ्याची वस्तू आणायला सांगणं हा उपाय पुष्कळ शिक्षकांना माहीत आहे. मी नवी मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या वर्गांत तो करते, पण त्यात एका गोष्टीचा आग्रह धरते. ज्याची वस्तू आहे त्याने सगळ्या वर्गासमोर बोलायचं नाही. त्याने चौघांच्या गटात सांगायचं, आणि वर्गासमोर त्याची गोष्ट गटातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगायची. बोलकं मूल कुठेही बोलतं आणि बुजरं मूल फळ्यापाशी आलं की चार वाक्यांत सुटका करून घेतं. वस्तू दाखवण्याचा साधा कार्यक्रम केला तर तो शेवटी वक्तृत्वाचा कार्यक्रम होतो. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, मोडतोड न होता ऐकू आली की मुलाला कळतं, माझं कोणीतरी लक्ष देऊन ऐकलं होतं. पुढची सगळी तयारी एवढ्यासाठी आहे. पाचवी ते दहावीच्या वर्गांना हा उपक्रम चालतो. सातवी-आठवीत तो सगळ्यात रंगतो.

इथल्या वर्गात कोण कोण बसतं

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. म्हणून कोपरखैरणे, घणसोली किंवा तुर्भ्याच्या एखाद्या वर्गात बसलेली मुलं वरवर सारखी दिसली तरी त्यांची घरं फार वेगवेगळ्या वाटांनी इथे आलेली असतात. काही तर आलेलीच नसतात, ती इथलीच. एका बाकावर गावठाणातला आगरी मुलगा असतो, ज्याच्या पणजोबांनी आज जिथे सेक्टर आहेत तिथे भात लावला किंवा मिठागरात काम केलं. त्याच्या शेजारी माथाडी कामगाराची नात असते. मुंबईतला घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आला, त्यामागोमाग तिचं घर आलं. गाव साताऱ्याकडचं किंवा जुन्नरकडचं. मागच्या बाकावर मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून बांधकामाच्या किंवा दगडखाणीच्या कामावर आलेल्यांची मुलं असतात. काहींच्या घरी हिंदी बोलली जाते, काहींच्या घरी गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली. दोन बाक सोडून बसलेल्या मुलीचे आईवडील ऐरोलीत संगणकावर काम करतात.

मुलांना हे सगळं ठाऊक असतं, पण शिक्क्यांच्या रूपात: गाववाले, सोसायटीवाले, वस्तीतले. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुलं ज्या खाजगी शाळांत आहेत तिथे हे शिक्के जास्तच ठळक असतात. वर्गात हे बोलून दाखवून काही उपयोग होत नाही. ‘आपण सगळे समान आहोत’ हे वाक्य मुलं प्रतिज्ञेसारखं म्हणून मोकळी होतात. बाकावर एखादी वस्तू ठेवली आणि तिच्याबद्दल प्रश्न सुरू झाले की शिक्क्याऐवजी त्या घरातली माणसं दिसू लागतात.

वेळ कोणती धरायची

पहिला आठवडा टाळा. मुलांना वर्गाची, बाईंची, एकमेकांची थोडी सवय होऊ द्या. शाळा सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी, पहिल्या घटक चाचणीच्या आधी, म्हणजे साधारण जुलैचा पहिला पंधरवडा बरा. तेव्हा पाऊस भरात असतो, म्हणून वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तीही डब्यापासून लांब ठेवून आणायला सांगा. आठवीपर्यंतच्या वर्गांना आनंददायी शनिवारचा, म्हणजे शनिवारी उपक्रमांसाठी राखलेला वेळ वापरता येतो. नववी-दहावीत तासांची ओढाताण असते. तिथे इतिहासाच्या शिक्षकांना बरोबर घ्या. ते का, हे पुढे येईल.

वेळेचं गणित सरळ आहे. ४८ मुलांच्या वर्गात चौघांचे बारा गट होतात. गटात प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं दिली तर २४ मिनिटं लागतात, आणि बाक फिरवण्यात आठ-दहा मिनिटं जातात. म्हणजे ३५ मिनिटांचा एक तास गटांच्या बोलण्याला आणि त्याला लागून दुसरा तास पुढच्या कागदकामाला. वर्गासमोरचं सांगणं मात्र त्या दिवशी करू नका. दुसऱ्या दिवसापासून परिपाठानंतरची दहा मिनिटं, रोज एक गट. बारा दिवसांत, म्हणजे दोन आठवड्यांत, सगळा वर्ग होतो. एकाच दिवशी ४८ गोष्टी ऐकवल्या तर जूनच्या त्या पहिल्या दिवसासारखीच गत होईल.

आधी तुमची वस्तू

घोषणा करण्याआधी तुम्ही स्वतःची वस्तू वर्गात आणा. तिच्यावरून मुलं मोजमाप ठरवतात. बाईंनी विद्यापीठाचं पदक आणलं तर वर्गात पदकंच येतील. बाईंनी पैठणी आणली तर मुली आईच्या कपाटाकडे धावतील. मी पत्र्याचा एक बिल्ला नेते. माझे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते. पाळीला जाताना तो खिशाला लावत. त्यावर फक्त एक नंबर आहे, आणि रंग उडालेला आहे. बाजारात त्याची काही किंमत नाही, आणि मुलांना नेमकं तेच दिसायला हवं असतं.

बिल्ल्याबद्दल मी आधी काहीच सांगत नाही. तो पहिल्या बाकावर देते, हातोहात फिरवायला सांगते आणि म्हणते, “विचारा.” इथून प्रश्न विचारण्याचा सराव सुरू होतो.

प्रश्न कसे विचारायचे

या भागावर एक पूर्ण तास खर्च करा. कुठे काटछाट करावीच लागली तर दुसरीकडे करा, इथे नको.

मुलांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. “केवढ्याला घेतला?” “खरा आहे का?” “एवढा जुना कशाला ठेवलाय?” सगळे प्रश्न फळ्यावर लिहून घ्या, कोणालाही रागवू नका, आणि प्रत्येकाचं उत्तर खरंखरं द्या. “विकत नाही घेतला.” “हो, खरा आहे.” मग वर्गालाच विचारा, या उत्तरांतून माझ्या वडिलांबद्दल तुम्हाला काय कळलं? मुलं स्वतःच म्हणतात, काहीच नाही. आता दुसरी फेरी. या वेळी ‘कधी’, ‘कुठे’, ‘कोण’, ‘कसं’ यांनी सुरू होणारे प्रश्न मागा. हळूहळू चांगले प्रश्न येऊ लागतात. माझ्या वर्गांतून निघालेले आणि आता दर वर्षी मी फळ्यावर ठेवते ते असे: ही वस्तू तू पहिल्यांदा हातात कधी घेतलीस? घरात ती कुठे ठेवता? तिला हात लावायला कोणाला मनाई आहे? हा ओरखडा कसा पडला? तुमच्याकडे हिला काय म्हणतात? ही हरवली तर सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल?

यांतला ‘घरात कुठे ठेवता’ हा मला सर्वांत उपयोगी वाटतो. देव्हाऱ्याशेजारी, गावाहून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत, आजीच्या उशीखाली, टीव्हीवर, गॅलरीतल्या कुंडीत. या एका उत्तरातून घरात त्या वस्तूचा मान केवढा आहे हे समजतं, आणि तिथून पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

दोन प्रश्नांना मात्र वर्गात सक्त बंदी. एक किमतीचा. दुसरा, ‘तुम्ही कुठल्या समाजाचे?’ हा, मग तो आडून विचारलेला असला तरीही. आडनावावरून, देवाच्या टाकावरून, गळ्यातल्या दोऱ्यावरून, भिंतीवरच्या तसबिरीवरून जात काढायची सवय मुलांनी मोठ्यांकडून उचललेली असते. हे गुळमुळीतपणे सांगू नका. दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहून त्यांवर काट मारा आणि कारण सांगा: हे विचारल्यावर समोरचा गोष्ट सांगायची थांबतो आणि स्वतःला सांभाळू लागतो.

आणखी दोन नियम. उत्तर द्यायचं नसेल तर “हे राहू दे” एवढंच म्हणायचं, आणि विचारणाऱ्याने लगेच दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचं, “का बरं?” नाही. दुसरा नियम असा की उत्तर संपलंसं वाटलं तरी मनात तीनपर्यंत आकडे मोजायचे. बुजऱ्या मुलाचं मोलाचं वाक्य पुष्कळदा त्या तीन आकड्यांमध्ये येतं.

पालकांना पाठवायची चिठ्ठी

डायरीत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायला हा मजकूर जसाच्या तसा घेता येईल:

“सप्रेम नमस्कार. वर्गातल्या मुलांची एकमेकांशी चांगली ओळख व्हावी म्हणून येत्या शुक्रवारी प्रत्येक विद्यार्थी घरातली एक जिव्हाळ्याची वस्तू शाळेत आणणार आहे. वस्तू जुनी, दुर्मीळ किंवा मौल्यवान असण्याची गरज नाही. कृपया काहीही विकत घेऊ नये. सोन्या-चांदीचे दागिने, रोख रक्कम, मूळ कागदपत्रे, मोबाइल आणि धारदार वस्तू पाठवू नयेत. त्याऐवजी चित्र काढून पाठवावे. वस्तू त्याच दिवशी घरी परत येईल. तिचे किंवा मुलांचे फोटो काढले जाणार नाहीत. कृपया त्याआधी या वस्तूबद्दल मुलाशी थोडा वेळ बोलावे.”

ज्या घरांत मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर हिंदीत, स्वतःच्या आवाजात पाठवा. मूळ कागदपत्रांबद्दलची ओळ गाळू नका. गावठाणातल्या घरांत जमीन संपादनाचे, त्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतून मिळालेल्या भूखंडाचे कागद हेच घरातलं सर्वांत मोठं चीजवस्त असू शकतं, आणि मूल उत्साहाने ते दप्तरात घालून आणू शकतं.

वस्तू निवडायला मदत

“तुझी आवडती वस्तू आण” असं म्हटलं की बॅट, बाहुली आणि घड्याळ येतात. त्याऐवजी मुलांना प्रश्न द्या आणि दोन दिवस विचार करू द्या. घर बदलताना टेम्पोत न टाकता तू कोणती वस्तू स्वतःच्या हातात धरशील? घरात कोणती वस्तू कोणीच वापरत नाही, तरी कोणी टाकूनही देत नाही? कोणती वस्तू तू किंवा घरच्यांनी दुरुस्त करून करून वापरली? दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात समृद्ध उत्तरं येतात. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्यातून जाळं विणायची लाकडी सुई येते. एका बंजारा मुलीने आजीच्या कांचळीचा, म्हणजे चोळीचा, आरसे लावलेला तुकडा आणला होता. सतत भाड्याची घरं बदलणाऱ्या एका मुलाने दारावरची नावाची पाटी आणली; घर दर वेळी नवं, पाटी तीच.

ज्याच्याकडे आणण्यासारखं काही नाही त्याचं काय? वसतिगृहातली, नातेवाइकांकडे राहणारी, वस्ती पाडल्यावर किंवा पुरात सगळं गेल्यावर उभी राहिलेली घरं असलेली मुलं प्रत्येक वर्गात असू शकतात. यासाठी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला दोन पर्याय सारख्या आवाजात सांगा: घरात असलेली वस्तू, किंवा आता नसलेल्या वस्तूचं चित्र. त्या मुलांना बाजूला घेऊन ‘तू चित्र काढलंस तरी चालेल’ असं सांगितलं की त्यांना ती सवलत वाटते. सगळ्यांना सांगितलं की कुठलंही मूल चित्र निवडतं: कुणी विकलेल्या बैलाचं, कुणी गावच्या घराच्या उंबऱ्याचं.

तो दिवस

गट तुम्ही आधीच ठरवलेले असावेत. प्रत्येक मुलाकडून चिठ्ठीवर एक नाव लिहून घ्या: ज्याच्याबरोबर बोलायला अवघड वाटत नाही असं कोणीही. ती चिठ्ठी फक्त तुम्ही वाचायची. गटात त्यांतलं एक नाव ठेवा आणि बाकी दोघं वेगळ्या वस्तीतली, वेगळ्या बाकांवरची घ्या. जिवलग चौकडी एका गटात नको. त्यांना एकमेकांच्या गोष्टी आधीच ठाऊक असतात.

चौघांनी गोलात बसायचं. पहिल्याची वस्तू मध्ये ठेवायची, सहा मिनिटं बाकीच्या तिघांनी फक्त प्रश्न विचारायचे. आपली गोष्ट मध्ये घुसडायची नाही. “आमच्याकडेपण असंच आहे” हे वाक्य मधल्या सुट्टीसाठी राखून ठेवायचं. घरची भाषा वापरायला पूर्ण मोकळीक द्या. आगरीत, हिंदीत, गोरमाटीत सांगितलेलं गटाने समजून घ्यायचं, अडलं तर पुन्हा विचारायचं. वेळ झाली की तुम्ही टाळी वाजवा. त्या वेळात गटागटांत जाऊन बसू नका. बाई जवळ आल्या की मुलं बाईंना ऐकवण्यासाठी बोलू लागतात. फळ्यापाशी उभं राहून नजर ठेवली तरी पुरतं.

लागूनच्या दुसऱ्या तासात प्रत्येकाला एक मोठा कोरा कागद द्या. वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलने तिची कड काढायची, मग हाताने तपशील भरायचे. जे चित्र घेऊन आले आहेत त्यांनी तेच मोठं करावं. यामुळे वस्तू संध्याकाळी घरी जाते आणि पुढचे दोन आठवडे वर्गासमोर तिचा कागद दाखवता येतो. शिवाय कड काढताना मुलं वस्तू पुन्हा एकदा निरखून पाहतात, आणि तेव्हाही काही प्रश्न निघतात.

कोणी कोणाची गोष्ट सांगायची हे गोलाच्या क्रमाने ठरवा: पहिला दुसऱ्याची, दुसरा तिसऱ्याची, तिसरा चौथ्याची, चौथा पहिल्याची. दोघांनी एकमेकांची सांगायची असं केलं तर ‘तू माझं छान सांग, मी तुझं सांगतो’ असा व्यवहार होतो. मग सांगणाऱ्याने मालकाला एकच गोष्ट विचारायची: “यातलं काय सांगायला नको?” मालक म्हणेल ते गाळायचं. याला अपवाद नाही.

वर्गासमोर सांगताना

दोन मिनिटं पुरतात. आधी वस्तू काय आहे आणि घरात कशी आली. मग तिच्याशी जोडलेला एखादा प्रसंग. शेवटी सांगणाऱ्याचं स्वतःचं एक वाक्य: हे ऐकताना मला नवीन काय कळलं. मालकाने जागेवरून “बरोबर” म्हणायचं किंवा “एक दुरुस्ती” म्हणून ती सांगायची. दुरुस्ती निघाली तर सांगणाऱ्याला कमीपणा नाही हे आधीच स्पष्ट करा.

एका वर्षी पोती ओढायच्या लोखंडी आकड्याचा कागद फळ्याला लावलेला होता. आकडा धारदार म्हणून घरीच होता. मुलाने आजोबांकडून त्याची कड काढून आणली होती. वाशीच्या मार्केटात आजोबांनी वर्षानुवर्षं माल उतरवला, आणि तो आकडा ते रात्री उशाशी ठेवत. सांगणारी मुलगी मोठ्या सोसायटीतली. तिचं शेवटचं वाक्य होतं, “आमच्या घरी येणारे कांदेबटाटे आधी कोणाच्या तरी पाठीवर असतात, हे मला माहीत नव्हतं.” मुलाने “बरोबर” म्हटलं. नागरिकशास्त्राच्या तासाला मग मी १९६९ चा माथाडी कायदा समजावला. एरवी कायद्याचं नाव काढलं की माना खाली जातात. त्या दिवशी मुलं हात वर करून विचारत होती की त्याआधी हमालांना पगार कोण द्यायचं.

या सगळ्याला गुण देऊ नका. उत्तम वस्तू, उत्तम गोष्ट अशी बक्षिसं तर मुळीच नकोत. बक्षीस आलं की पुढच्या वर्षी मुलं गोष्टी रचून आणतात, आणि ज्याला बक्षीस मिळालं नाही त्याच्या आजीची वस्तू हरली असा अर्थ होतो.

अवघड प्रसंग

कोणी रडलं तर घाई करू नका. “रडू नकोस” म्हणू नका. गटाने थांबायचं, पाण्याची बाटली पुढे करायची. पुढे बोलायचं की नाही हे त्या मुलाने ठरवायचं. कोणी हसलं किंवा वस्तूला नाव ठेवलं तर तिथल्या तिथे, एका वाक्यात थांबवा; भाषण नंतर, एकट्याशी.

कधी एखादं मूल वस्तूच्या निमित्ताने घरातली मारहाण किंवा छळ सांगून जातं. अशा वेळी “मी कोणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. शांतपणे ऐका, चौकशीची सरबत्ती करू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी आणि समुपदेशकांशी बोला. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यात शिक्षकांनाही सूट नाही.

नंतर काय करायचं

मराठीच्या तासाला आत्मवृत्त लिहायला लावा. निबंधमालेतल्या फाटक्या पुस्तकाची आणि पडक्या किल्ल्याची आत्मवृत्तं मुलांना पाठ असतात आणि सगळ्यांच्या वह्यांत एकच मजकूर असतो. इथे प्रत्येकाने ज्याची गोष्ट सांगितली त्याच्या वस्तूचं आत्मवृत्त लिहायचं आणि तपासायला आधी मालकाकडे द्यायचं. बाईंची लाल शाई त्यानंतर.

इतिहासाच्या पुस्तकात ‘इतिहासाची साधने’ हे प्रकरण असतं: भौतिक, लिखित, मौखिक. आपल्या वस्तू यांतलं काय आहेत, गोष्ट कोणत्या गटात मोडते, ती खरी आहे हे पडताळायचं कसं, हे प्रश्न नववीच्या मुलांना चांगले पेलतात. इतिहासाच्या शिक्षकांना आधीच बरोबर घ्यायला सांगितलं ते यासाठी.

कागद महिनाभर भिंतीवर लावता येतात, पण ज्याला नको त्याचा लावू नका, आणि पालकसभेच्या दिवशी लावायचे का हे मुलांना पुन्हा एकदा विचारा. मित्रांना सांगितलेली गोष्ट मित्राच्या आईबाबांनी वाचावी असं सगळ्यांनाच वाटत नाही. नंतर सगळे कागद आणि आत्मवृत्तं एका वहीत चिकटवून वर्गाच्या कपाटात ठेवा.

ही वही वर्षभर लागते. इथे भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात, कामं संपतात, बदल्या होतात, आणि दिवाळीनंतरही नवी मुलं वर्गात येत राहतात. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात ही वही घरी न्यायला द्या. वाचून झाल्यावर त्याने स्वतः एक गट निवडायचा, आणि त्या गटातल्या चौघांनी एका मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर डबा खाऊन त्याच्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायचे. त्याची गोष्ट वर्गासमोर कोणी सांगायची, हे या वेळी त्यानेच ठरवायचं.